दोन डोंगर, एक सूर्य

मागच्या दिवाळीत ताई माहेरी आली होती. तिची मुलगी, वय वर्षं सात, सकाळपासून माझ्यामागे लागली होती, "मामा, माझ्याबरोबर चित्र काढ ना." फराळ झालेला, बाहेर फटाक्यांचा धूर, चार दिवस लॅपटॉप उघडायचा नाही असं मीच जाहीर केलेलं, त्यामुळे सबब काही सापडेना. बसलो जमिनीवर. तिने एक कागद मला दिला, एक स्वतः घेतला आणि मध्ये सोफ्याची उशी उभी केली. ("बघायचं नाही हं माझं!") दहा मिनिटांनी उशी बाजूला केली.

दोन डोंगर. त्यांच्यामधून वर येणारा सूर्य, त्याला चहूबाजूंनी काड्यांसारखे किरण. डोंगरातून निघून खाली येता येता रुंद होणारी नदी. एका काठावर त्रिकोणी छपराचं घर, दुसऱ्या काठावर नारळाचं झाड. आकाशात इंग्रजी 'एम'सारखे तीन पक्षी.

हे वर्णन तिच्या चित्राचं की माझ्या? दोन्हींचं. फरक एवढाच की तिच्या नदीत मासे होते. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं आणि म्हणाली, "मामा, तू माझं बघून काढलंस!"

आमच्या दोघांत एकवीस वर्षांचा फरक आहे. मधल्या काळात मी दहावी, बारावी, चार वर्षांचं इंजिनिअरिंग आणि सहा वर्षांची नोकरी एवढं सगळं उरकलंय. पण चित्र सातव्या वर्षी जिथे थांबलं होतं तिथेच. आणखी एक गंमत सांगतो. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. तिथे नारळाचं झाड मी कधी पाहिलेलं नाही, आणि नदीला चार दिवस पाणी आलं तर लोक पूजेला जातात. म्हणजे जे चित्र मी आयुष्यभर काढत आलो ते मी कुठे पाहिलेलंच नव्हतं!

आता हे थांबलं कुठे ते सांगायला फार डोकं लागत नाही. आमच्या शाळेत आठवड्याला ड्रॉइंगचे दोन तास असायचे आणि त्यातला एक हमखास गणिताचे सर घ्यायचे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा असायच्या, पण त्यांना कोणी बसायचं? तर ज्यांचा 'हात चांगला' आहे त्यांनी. हात चांगला आहे की वाईट याचा निकाल पाचवी-सहावीत लागायचा आणि त्यावर अपील नसायचं. माझा वाईट ठरला. पुढे इंजिनिअरिंगला फर्स्ट इयरला ईडी, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग आलं. मिनी ड्राफ्टर, टू-एच पेन्सिल, ड्रॉइंग शीटची ती लांब नळकांडी, सगळं थाटात घेतलं आणि शेवटी केलं काय? जीटी. ज्यांनी इंजिनिअरिंग केलं नाही त्यांच्यासाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खाली दिवा, वर काच, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. रात्रभर गिरवा आणि सकाळी सबमिट करा. आमच्या हॉस्टेलमध्ये एकाच शीटच्या सतरा आवृत्त्या निघाल्या होत्या आणि पहिल्या शीटमध्ये चुकलेलं माप सतराही जणांनी इमानाने चुकवलं होतं.

असो. आतापर्यंत हा सगळा गमतीचा मामला होता. हसण्यावारी न्यायचा. जानेवारीत मात्र तो गमतीचा राहिला नाही.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना हॉस्पिटलने औषधांची यादी दिली, आठ औषधं, प्रत्येकापुढे १-०-१, १-०-०, ०-०-१ असं लिहिलेलं. अक्षर डॉक्टरी. मी म्हटलं, हे काय, थांबा, मी मस्त तक्ता करून देतो. एक्सेल उघडलं. अनुक्रमांक, औषधाचं नाव (इंग्रजी कॅपिटल अक्षरांत), घटक, मिलिग्रॅम, सकाळ, दुपार, रात्र, जेवणाआधी की नंतर, शेरा. नऊ कॉलम. प्रत्येक चौकटीला जाड काळी बॉर्डर. वरची ओळ पिवळी, तिच्यात लाल अक्षरं. महत्त्वाचं तेवढं बोल्ड, आणि सगळंच महत्त्वाचं असल्यामुळे सगळंच बोल्ड. ए-फोर कागदावर आडवी प्रिंट काढली, लॅमिनेट केली, फ्रीजवर लावली. आई शेजारच्या काकूंना कौतुकाने दाखवत होती.

सहाव्या ओळीत साखरेची गोळी होती, १-०-०, फक्त सकाळी. सातव्या ओळीत बीपीची, ०-०-१, फक्त रात्री. दोन्ही नावं लांबलचक आणि सुरुवात जवळजवळ सारखी. नवव्या दिवशी रात्री आईची नजर एक ओळ वर सरकली. साखरेची गोळी दुसऱ्यांदा दिली गेली. बाबांनी त्या दिवशी जेवायला नुसती पेज घेतली होती. रात्री अडीचला त्यांना जाग आली ती घामाने थबथबून. हात थरथरत होते, बोलणं तुटक. ग्लुकोमीटरवर ५२ आकडा आला. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, आकडा वर आला, तासाभराने ते माणसात आले. ती पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

सकाळी डॉक्टरांना फोन केला, तक्त्याचा फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, "हा तक्ता कोणी केलाय?" मी बोलायच्या आत आई म्हणाली, "तक्ता चांगला आहे हो डॉक्टर. मलाच मेलीला नीट दिसलं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण आई खोटं बोलत नव्हती, तिला खरोखर तसंच वाटत होतं. मशीन आपल्याला जमलं नाही, फॉर्म भरता आला नाही, बटण चुकीचं दाबलं गेलं की आपली माणसं स्वतःला दोष देतात. 'आम्हाला काय कळतंय त्यातलं' म्हणतात. आणि आम्ही, म्हणजे ज्यांनी ते बनवलं ते, ऑफिसात त्याला 'युजर एरर' म्हणतो आणि तिकीट बंद करतो.

त्या रात्री मी तो तक्ता अर्धा तास बघत बसलो. खरं सांगू? मला त्यात चूक सापडेना. मला तो स्वच्छ दिसत होता. दिसणारच. सहाव्या ओळीत काय आहे हे मला पाठ होतं, मी तक्ता वाचतच नव्हतो, आठवत होतो. तिकडे आई मात्र चष्मा लावून, ट्यूबलाइटच्या उजेडात, लॅमिनेशनवर चमक येत असताना, रात्री साडेनऊला दमलेल्या डोळ्यांनी तो वाचत होती.

ऑफिसात आमच्या डिझाइन टीममधल्या एका मैत्रिणीला तो फोटो दाखवला आणि विचारलं, कुठला टेम्प्लेट वापरू? तिने फोटो बघितला, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "टेम्प्लेट जाऊ दे रे. चित्र काढायला शीक." मला तो तेव्हा शुद्ध चावटपणा वाटला. मी गोळ्यांचा तक्ता विचारतोय आणि ही बाई मला निसर्गचित्र काढायला सांगतेय!

पण आमच्याच सोसायटीत एक निवृत्त ड्रॉइंगचे सर शनिवारी सकाळी क्लास घेतात. गेलो. वर्गात पाचवी ते आठवीतली अकरा मुलं आणि मी. मुलांना वाटलं मी कोणाला तरी न्यायला आलोय.

सरांनी समोर स्टीलचा पेला ठेवला. "काढा." मी काढला. वर लंबगोल, दोन बाजूंना दोन रेघा, खाली एक सरळ आडवी रेघ. सरांनी बघितलं.

"तळ सपाट का काढला?"

"सपाटच असतो ना सर."

"असतो. पण दिसतो का?"

मी पेल्याकडे बघितलं. आणि शपथेवर सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. तळ सपाट दिसत नाही. तो चांगला वाकलेला दिसतो, आणि गंमत म्हणजे वरच्या कडेपेक्षा जास्त वाकलेला दिसतो. कारण वर्तुळ डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जाईल तितकं ते जास्त उघडं, जास्त गोल दिसतं. पेला उचलून कड बरोबर डोळ्यासमोर आणा, वर्तुळाची नुसती रेघ होते. मी ईडीमध्ये लंबवर्तुळ किमान चार पद्धतींनी काढायला शिकलोय. रोज सकाळी चहाच्या कपात तेच लंबवर्तुळ माझ्या नाकासमोर असतं. कधी दिसलं नाही!

इथे मला माझ्या मैत्रिणीचं म्हणणं थोडंसं कळलं. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर मेंदू दरवेळी सर्व्हरपर्यंत जात नाही, कॅशमधून देतो. 'पेला' म्हटलं की तळ सपाट, 'डोंगर' म्हटलं की त्रिकोण, 'डोळा' म्हटलं की बदामाचा आकार आणि मध्ये टिकली. रोजच्या व्यवहाराला हे बरंच आहे, नाहीतर प्रत्येक झाड नव्याने बघत बसलो तर ऑफिसला पोचणार कधी? पण कागदावर उतरवायला बसलं की कॅशमधलं जुनं चित्र बाहेर येतं आणि आपण म्हणतो, माझा हात चांगला नाही. हाताचा बिचाऱ्याचा काय दोष? जो हात सही करतो, सुईत दोरा ओवतो, गर्दीतून स्कूटर काढतो, त्याला पेल्याची रेघ जमणार नाही असं कसं होईल?

बेटी एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन चित्रकला शिक्षिकेचं 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन' हे पुस्तक १९७९ साली आलं आणि जगभर गाजलं. त्यातली उजव्या-डाव्या मेंदूची थिअरी आज मेंदूवाले इतक्या सरधोपटपणे मान्य करत नाहीत. पण त्यातले व्यायाम मात्र चालतात, हे मी स्वतःवर करून बघितलंय. सगळ्यात प्रसिद्ध व्यायाम म्हणजे चित्र उलटं ठेवून काढायचं. पिकासोने संगीतकार स्ट्राविन्स्कीचं एक रेषाचित्र काढलंय, खुर्चीत बसलेला माणूस, हात एकमेकांत गुंतवलेले. ते डोक्यावर उभं करायचं आणि वरून खाली कॉपी करत जायचं. उलटं असल्यामुळे 'हा हात, हे नाक' असं मेंदूला म्हणता येत नाही. त्याला नाइलाजाने रेघ रेघ म्हणून बघावी लागते. ही रेघ किती वाकतेय, त्या रेघेपासून किती लांब आहे, बस. मी पाऊण तास घालवला. कागद सुलटा केला तेव्हा बाबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "हे तू काढलंस?" या प्रश्नातला 'तू'वरचा जोर मला लागला, पण आनंदच झाला.

दुसरा व्यायाम खुर्चीचा. खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या दोन पायांमधली, हातामधली, पाठीच्या पट्ट्यांमधली रिकामी जागा काढायची. खुर्चीचं चित्र आपल्या डोक्यात असतं, पण पोकळीचं नसतं, त्यामुळे ती आहे तशी बघावीच लागते. सगळ्या पोकळ्या काढून झाल्या की मध्ये खुर्ची आपोआप उरते. तिसरा व्यायाम पेन्सिलीने मोजण्याचा. हात कोपरातून पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीवर अंगठ्याने माप. कोपर ताठच का? कारण पेन्सिल डोळ्यापासून जवळ-लांब झाली की माप बदलतं. सिनेमातले चित्रकार हे करताना दिसायचे तेव्हा मला ती स्टाइल वाटायची. ते साधं मोजमाप आहे! त्याच मापाने एक दिवस आईचा चेहरा मोजला आणि कळलं की डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. खोटं वाटतं ना? आरशासमोर उभं राहा आणि मोजा. आपण सगळे डोळे कपाळात काढतो, कारण आपल्या लेखी कपाळ आणि केस म्हणजे काही नाहीच, सगळा चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड.

छायाप्रकाश शिकायला सगळीकडे अंडं काढायला सांगतात. आमच्या घरात अंडं चालत नाही, म्हणून मी बटाटा घेतला. खिडकीजवळ ठेवलेल्या पांढुरक्या बटाट्यावर उजेड, मग फिका भाग, मग सगळ्यात गडद पट्टा, आणि त्याच्याही पलीकडे, अगदी कडेला, परत थोडा उजेड. तो कुठून आला? टेबलावरून परत फिरून. आठवडाभर रोज एक बटाटा काढला. आई म्हणाली, "झालं असेल तर भाजी करू का?"

तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी मंडईत गेलो. महात्मा फुले मंडई, १८८६ सालची इमारत, मधला तो उंच मनोरा. समोर वही घेऊन उभा राहिलो. दगडी कमानी मागे मागे जाताना लहान होत जातात, वरच्या रेघा खाली उतरतात, खालच्या वर चढतात आणि सगळ्या डोळ्याच्या पातळीवर कुठेतरी एका बिंदूत मिळतात. फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हे प्रयोग करून दाखवलं आणि १४३५ मध्ये अल्बेर्तीने त्याचे नियम लिहून काढले. आम्ही ते नियम परीक्षेत लिहिले होते. मंडईत कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये उभं राहून मला ते पहिल्यांदा दिसले. चित्र काही खास आलं नाही, मनोरा चक्क कलला. एका भाजीवाल्या मावशींनी बघून निर्णय दिला, "पडंल की ओ हे!" बरोबर होतं त्यांचं.

तर मुद्दा काय, तर चित्र काढायला शिकणं म्हणजे मुख्यतः 'मला माहीत आहे' हे थोडा वेळ बाजूला ठेवून 'मला दिसतंय काय' हे बघायला शिकणं. आणि माझं ठाम मत असं आहे की स्क्रीन, तक्ता, फॉर्म, स्लाइड, ईमेल असं काहीही दुसऱ्याने वाचावं म्हणून बनवणाऱ्या प्रत्येकाला हे यायला हवं. कारण आपण बनवलेली गोष्ट आपल्याला कधीच दिसत नाही, आठवते. ती वाचणाऱ्याला आठवत नाही, त्याला फक्त दिसते.

याची किंमत केवढी असू शकते याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००० सालची अध्यक्षीय निवडणूक. फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका. वयस्क मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली. हेतू उत्तम. पण त्यामुळे उमेदवारांची नावं एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि भोकं पाडायची जागा मधल्या पट्टीत आली. डावीकडे वरून दुसरं नाव अल गोर यांचं, पण मधलं दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं! गोर यांचं भोक तिसरं. नंतर झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा की या मांडणीमुळे गोर यांची दोन हजारांहून जास्त मतं भलतीकडे गेली. फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला, आणि त्यावर अमेरिकेचा अध्यक्ष ठरला. त्या वेळीही बरेच जण म्हणाले होते, म्हाताऱ्यांना साधं भोक पाडता येत नाही. म्हणजे परत आईचंच वाक्य, फक्त दुसऱ्याच्या तोंडून.

चित्रांबरोबर मी डिझाइनचंही थोडं वाचलं. आमच्या मैत्रिणीने रॉबिन विल्यम्सचं (सिनेमातला नट नव्हे, या लेखिकाबाई आहेत) नवशिक्यांसाठीचं पुस्तक दिलं, पहिली आवृत्ती १९९४ सालची. त्यात सगळं चार गोष्टींत बसवलंय. ज्या गोष्टी एकमेकींच्या नात्यातल्या आहेत त्या जवळ ठेवा, बाकीच्यांपासून लांब. कुठलीही गोष्ट कागदावर उगीच कुठेही ठेवू नका, कशाच्या तरी रांगेत धरा. एकदा एक पद्धत ठरली की तीच परत परत वापरा. आणि दोन गोष्टी वेगळ्या दाखवायच्या असतील तर चांगल्या ठळक वेगळ्या दाखवा, एकोणीस-वीस नको. हे चार नियम डोक्यात ठेवून आपल्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. चाळीस चेहरे, प्रत्येकाला चौकट, प्रत्येक नाव बोल्ड, आणि वाढदिवस नक्की कोणाचा ते मात्र कळत नाही. माझा तक्ता हा औषधांचा फ्लेक्स होता. याउलट नीट रंगवलेली एसटीची पाटी आठवा. शेवटचं गाव मोठ्या अक्षरात, 'मार्गे' बारीक. धावत येणाऱ्या माणसाला वीस फुटांवरून जे लागतं ते आधी, बाकीचं गाडीत चढल्यावर.

आपल्या लिपीचीही एक गोष्ट यात कळली. विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी वाचलं ते 'मंगल' या टाइपमध्ये, आणि तो करणारे र. कृ. जोशी हे आधी हाताने अक्षर काढणारे कलावंत, मग कॉम्प्युटरवाले. देवनागरीत वेलांटी वर चढते, उकार खाली लोंबतो. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत जाऊन बसतो. आमच्या ॲपच्या मराठी आवृत्तीत चार वर्षं हेच होतं. मी तो कोड रोज बघत होतो!

आता आक्षेप. पहिला: "कंपनीत डिझायनर आहेत ना?" आहेत. पण ॲडमिनची स्क्रीन, चुकीचा मेसेज, रिपोर्ट, रात्री दोनला सपोर्टच्या पोराला जाणारी अलर्टची ईमेल, यातलं काही डिझायनरच्या टेबलावर कधी जातं का? ते आपणच करतो, घाईत करतो आणि त्यावर कोणाची तरी रात्र अवलंबून असते. आमच्या टीममध्ये सर्व्हर चालू की बंद हे हिरव्या आणि लाल ठिपक्यांनी दाखवायचो. दोन वर्षांनी एकाने संकोचत सांगितलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, तो प्रत्येक ठिपक्यावर माउस नेऊन बघतो. ठिपक्याशेजारी 'चालू', 'बंद' असं लिहायला किती वेळ लागला? दहा मिनिटं.

दुसरा आक्षेप आजचा: "एआय एका वाक्यात चित्र काढून देतं, मांडणी करून देतं, मग पेन्सिल कशाला?" मी स्वतः ते वापरतो, त्याचं वावडं नाही. गोळ्यांचा तक्ताही त्याच्याकडून करून घेतला होता. दोन मिनिटांत पाच नमुने आले, सगळे देखणे. त्यातला कुठला आईला रात्री साडेनऊला वाचता येईल हे मात्र मलाच ठरवायचं होतं. त्याला आई माहीत नाही. नमुने फुकट मिळायला लागले की निवडणाऱ्या डोळ्याची गरज वाढते, असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप, "ती देणगी लागते रे." उत्तम चित्रकार व्हायला लागत असेल. मला त्या रांगेत उभंच राहायचं नाहीये. आपण शाळेत निबंध लिहायला शिकलो ते काय सगळे पु. ल. व्हावेत म्हणून? रजेचा अर्ज लिहिता यावा एवढ्यासाठीसुद्धा लिहिणं शिकतातच. चित्राबाबतीतच 'जमलं तर कलावंत, नाहीतर हात लावायचा नाही' हा नियम कुठून आला कोण जाणे. मला आजही माणसाचे हाताचे पंजे जमत नाहीत, केळ्यांचा घड होतो. चालतंय.

मार्चमध्ये मी तक्ता परत केला. या वेळी आधी एक रात्र काहीही न करता आई गोळ्या कशा काढते ते नुसतं बघितलं. ती नाव वाचतच नाही! ती म्हणते, "ती गुलाबी, ती अर्धी पांढरी अर्धी लाल, आणि ती बारकी." म्हणजे मी नऊ कॉलममध्ये जे मांडलं होतं त्यातलं तिला लागत होतं ते एकही नव्हतं. मग औषधांप्रमाणे नाही, वेळेप्रमाणे चार वेगळे कागद केले: उठल्यावर, नाश्त्यानंतर, दुपारी जेवल्यावर, रात्री जेवल्यावर. मध्ये बॉर्डर नाही, भरपूर मोकळी जागा. प्रत्येक कागदावर फक्त त्या वेळच्या गोळ्या, आणि प्रत्येक गोळी मी हाताने काढली, खऱ्या आकाराची, मधल्या खाचेसकट, रंगवून. शेजारी मोठ्या देवनागरी अक्षरांत नाव आणि कशासाठी ते. रात्रीच्या कागदाला निळी पट्टी. लॅमिनेशन नाही, चमकतं.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं तपासलं आणि एक सूचना दिली जी मला सुचली नव्हती: दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की रंग आणि आकार बदलतो, त्यामुळे प्रत्येक नव्या पाकिटाला नाव ताडून बघायचं आणि चित्र बदलायचं. आतापर्यंत दोनदा बदललंय. तो पहिला तक्ता मी फेकलेला नाही, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. एखादी स्क्रीन 'झाली' असं वाटलं की काढून बघतो.

करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. टू-बी आणि सिक्स-बी पेन्सिल, एक खोडरबर, एक साधी वही. शंभर-दीडशे रुपयांत होतं. महागडी वही घेऊ नका, तिच्यात घाण चित्र काढायला जीव होत नाही आणि सुरुवातीला चित्रं घाणच येतात. माझी पहिली साठ पानं कोणाला दाखवण्यासारखी नाहीत. रोज वीस मिनिटं, समोर असलेली एकच वस्तू. फोटो बघून नको, वस्तू बघून. कागदाकडे जितकं बघाल त्याहून जास्त वस्तूकडे बघा. बाकी सगळं हळूहळू येतं.

दिवाळी आता पंधरा दिवसांवर आलीय. भाची येणार, कागद देणार, मध्ये उशी उभी करणार. तिला मी काही शिकवणार नाही, तिचे डोंगर आणि मासे तिच्या वयाला झकास आहेत. मी मात्र आमच्या खिडकीतून दिसतं ते काढणार आहे. समोरच्या सोसायटीची पाण्याची काळी टाकी, तिच्यावर एक कबूतर, केबलच्या लोंबणाऱ्या वायरी आणि मधल्या फटीत थोडंसं आकाश. सूर्य आमच्या बाजूला उगवत नाही.